‘लिटरेचर’ : एका शब्दाचा अर्थसंकोच

१

जे शब्द आपण विचार न करता वापरतो त्यांचाच इतिहास बहुधा सर्वांत अधिक गुंतागुंतीचा असतो. ‘लिटरेचर’ हा इंग्रजी शब्द अशांपैकी एक होय. इंग्रजी विभागात एम. ए. करणारा विद्यार्थी आपण ‘लिटरेचर’ घेतल्याचे सांगतो. औषध कंपनीचा प्रतिनिधी डॉक्टरांच्या टेबलावर गोळ्यांच्या नमुन्यांबरोबर जे रंगीत पत्रक ठेवतो, त्यालाही तो ‘लिटरेचर’च म्हणतो. रसायनशास्त्राचा संशोधक प्रबंधाच्या आरंभी पूर्वसंशोधनाचा जो आढावा घेतो, तोही ‘लिटरेचर’चाच आढावा असतो. यांपैकी पहिला अर्थ खरा आणि उरलेले दोन ढिले, असे साहित्याच्या अभ्यासकाला वाटते. इतिहासाची साक्ष मात्र उलट आहे. माहितीपत्रक आणि शास्त्रीय लेखन यांना सामावून घेणारा व्यापक अर्थच जुना असून, काव्य-नाटक-कादंबरी एवढ्यापुरता आकसलेला अर्थ जेमतेम दोनशे वर्षांचा आहे.

या अर्थसंकोचाकडे रेमंड विल्यम्स यांनी ‘कीवर्ड्‌स’ (१९७६) आणि ‘मार्क्सिझम अँड लिटरेचर’ (१९७७) या ग्रंथांतून लक्ष वेधले. टेरी ईगल्टन यांच्या ‘लिटररी थिअरी’ (१९८३) या पुस्तकामुळे तो विचार आपल्या पदव्युत्तर वर्गांत पोचला. या मांडणीचा एक सुलभ निष्कर्ष आपल्याकडे रूढ होऊ पाहतो : जुना व्यापक अर्थ उदार होता, नवा संकुचित अर्थ वर्गीय हितसंबंधांतून आला, म्हणून व्यापक अर्थाकडे परत जाणे हेच प्रागतिक. प्रस्तुत लेखात या निष्कर्षाविषयी शंका उपस्थित करावयाची आहे. शब्दाचा इतिहास इंग्लंडपुरता न थांबवता हिंदुस्थानापर्यंत आणि मराठीपर्यंत आणला, तर व्यापकता आणि उदारता यांचे समीकरण टिकत नाही, असे दिसते.

२

लॅटिनमधील ‘लिटेरा’ म्हणजे अक्षर. त्यापासून ‘लिटेरातुरा’ हे भाववाचक नाम बनले. ग्रीकांच्या ‘ग्रामातिके’ला, म्हणजे व्याकरणाला, लॅटिनमध्ये ‘लिटेरातुरा’ हा प्रतिशब्द दिला गेल्याची नोंद क्विंटिलियनने इसवी सनाच्या पहिल्या शतकात केली आहे. मूळ अर्थाने हा शब्द ग्रंथांच्या समूहाचा वाचक नव्हता. अक्षरज्ञान, वाचन-लेखनाचे कौशल्य आणि त्यातून येणारी विद्या यांचा तो वाचक होता. ‘लिटरेचर’ ही लिहिली जाणारी वस्तू नव्हती. ती माणसाच्या अंगी असणारी गोष्ट होती. आपण ज्या अर्थाने एखाद्याजवळ ‘विद्या आहे’ असे म्हणतो, त्याच अर्थाने त्याच्याजवळ ‘लिटरेचर’ असे. चॉसरच्या इंग्रजीत फ्रेंचमार्गे आलेले ‘लेट्रुर’ हे रूप आढळते, तेही याच अर्थाचे.

मध्ययुगीन युरोपात ही विद्या प्राधान्याने लॅटिनची विद्या होती आणि ती मुख्यतः धर्मगुरुवर्गाच्या हाती होती. तिचे सामाजिक मोल किती होते हे इंग्लंडच्या कायद्यातील एका विलक्षण तरतुदीवरून कळते. धर्मगुरूंवर ऐहिक न्यायालयात खटला चालू नये, या सवलतीचा लाभ पुढे ज्याला वाचता येते अशा कोणाही पुरुषाला मिळू लागला. बायबलमधील स्तोत्राचे एक कडवे वाचून दाखवणाऱ्याचा फास टळत असे. नाटककार बेन जॉन्सन याने १५९८ मध्ये द्वंद्वात गेब्रिएल स्पेन्सर या नटाचा वध केला, तेव्हा त्याचा जीव याच सवलतीने वाचला. अंगठ्यावर डाग घेऊन तो सुटला. ज्याच्या नावावर आज ‘इंग्लिश लिटरेचर’चा मोठा भाग जमा आहे, तो लेखक जुन्या अर्थाच्या ‘लिटरेचर’मुळे, म्हणजे अक्षरज्ञानामुळे, जिवंत राहिला. ही सवलत कायद्यातून १८२७ मध्ये रद्द झाली.

तेव्हा व्यापक अर्थ व्यापक होता तो विषयांच्या बाबतीत. व्याकरण, धर्मशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, निसर्गविज्ञान हे सारे त्यात येई. माणसांच्या बाबतीत मात्र तो अत्यंत अरुंद होता. अठराव्या शतकाच्या मध्यावरही लॉर्ड चेस्टरफील्ड आपल्या मुलाला लिहिताना (१७४८) प्रचलित अर्थाने ‘निरक्षर’ कोणाला म्हणतात ते सांगतो : ज्याला ग्रीक आणि लॅटिन येत नाही त्याला. इंग्रजी उत्तम वाचणारा-लिहिणारा माणूसही या व्याख्येने निरक्षरच ठरे. विषयांची व्याप्ती आणि माणसांची व्याप्ती हा भेद पुढील विवेचनात सतत ध्यानात ठेवला पाहिजे.

३

डॉ. सॅम्युएल जॉन्सनच्या कोशात (१७५५) ‘लिटरेचर’चा अर्थ विद्या व अक्षरनैपुण्य एवढाच दिला आहे. मिल्टनच्या चरित्रात (१७७९) जॉन्सन म्हणतो की, कवीच्या वडिलांजवळ सामान्यांहून अधिक ‘लिटरेचर’ असले पाहिजे, कारण मुलाने त्यांना उद्देशून एक प्रौढ लॅटिन कविता लिहिली आहे. येथे ‘लिटरेचर’ मिल्टनने लिहिलेले नाही; ते वाचू शकणाऱ्या त्याच्या बापाजवळ आहे. शब्दाचा आधार अजून लेखक नसून वाचक आहे. टॉमस वॉर्टनने याच सुमारास (१७७४–८१) जो मोठा इतिहास लिहिला, त्यालाही त्याने इंग्रजी ‘काव्या’चा इतिहास असेच नाव दिले.

तथापि याच दशकांत शब्दाखालची भूमी सरकू लागली होती. १७१० मध्ये अमलात आलेल्या कायद्याने लेखनाचा हक्क प्रथमच लेखकाच्या नावे मान्य केला, पण ठरावीक मुदतीपुरता. लंडनचे बडे पुस्तकविक्रेते मात्र आपला हक्क चिरंतन असल्याचे सांगत राहिले. १७७४ मध्ये डोनाल्डसन विरुद्ध बेकेट या खटल्यात लॉर्डांच्या सभागृहाने हा दावा फेटाळला. शेक्सपिअर, मिल्टन यांच्यासारखे जुने ग्रंथकार कोणालाही छापता येऊ लागले. जॉन बेलने १७७७ पासून इंग्रजी कवींची स्वस्त खिसावजा माला काढली. तिला शह देण्यासाठी लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी आपली माला योजली, आणि तिच्या प्रस्तावना म्हणून जॉन्सनकडून कवींची चरित्रे लिहवून घेतली. ज्या चरित्रात ‘लिटरेचर’ जुन्या अर्थाने येते, ते पुस्तकच नव्या अर्थाची पायाभरणी करणाऱ्या व्यापारी स्पर्धेतून जन्मले. देशभाषेतील निवडक कवींची कपाटात मांडता येईल अशी रांग बाजाराने तयार केली. त्या रांगेला नाव हवे होते. विद्येचे जुने नाव हळूहळू तिच्याकडे सरकले, आणि ‘लिटरेचर’ हा माणसाचा गुण न राहता पुस्तकांचा संग्रह बनू लागला.

४

या संक्रमणकाळातच हा शब्द हिंदुस्थानच्या कारभारात शिरला. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेतील ४३ व्या कलमाने दरवर्षी किमान एक लाख रुपये शिक्षणासाठी बाजूला काढण्याची तरतूद केली. त्यात ‘लिटरेचर’चे पुनरुज्जीवन व सुधारणा, एतद्देशीय विद्वानांना उत्तेजन, आणि शास्त्रीय ज्ञानाचा प्रसार असे हेतू नमूद होते. हे ‘लिटरेचर’ कोणत्या भाषेतले, हे कलमात सांगितलेले नव्हते. प्राच्यविद्येच्या कैवाऱ्यांनी त्याचा अर्थ संस्कृत व अरबी विद्या असा घेतला. ‘पुनरुज्जीवन’ या शब्दाचा रोख पाहता तो अर्थ स्वाभाविकही होता. जे येथे पूर्वी होते त्याचेच पुनरुज्जीवन संभवते.

२ फेब्रुवारी १८३५ च्या आपल्या प्रसिद्ध टिपणात मेकॉलेने याच अर्थावर पहिला हल्ला चढवला. या टिपणातील युरोपीय ग्रंथालयाच्या एका फळीचे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा उद्धृत झाले आहे की, टिपणाचा आरंभ एका शब्दाच्या कायदेशीर अर्थाच्या वादाने होतो हे सहसा लक्षात येत नाही. मेकॉलेचे म्हणणे असे : सनदेतील ‘लिटरेचर’ म्हणजे फक्त संस्कृत-अरबी ग्रंथ, हे विरोधकांनी गृहीतच धरले आहे. मिल्टनचे काव्य, लॉकचे तत्त्वज्ञान आणि न्यूटनचे पदार्थविज्ञान जाणणाऱ्या हिंदी माणसाला ‘विद्वान’ ही पदवी का मिळू नये?

या युक्तिवादातील ‘लिटरेचर’ कोणते ते पाहावे. त्यात मिल्टनशेजारी न्यूटन आहे. म्हणजे मेकॉले जुना, व्यापक, विद्यावाचक अर्थच वापरतो आहे, आणि त्या व्यापकतेच्याच बळावर तो संस्कृत व अरबीला अनुदानाच्या केंद्रस्थानावरून हलवतो. अर्थ संकुचित असता, केवळ काव्य-नाटकांपुरता असता, तर त्याला हे कठीण गेले असते. काव्य हा पौर्वात्यांचा सर्वांत समर्थ प्रांत आहे असे तो स्वतःच मान्य करतो. कल्पनेच्या प्रांतातून वस्तुस्थितीच्या आणि तत्त्वांच्या प्रांतात आल्यावर युरोपचे श्रेष्ठत्व निर्विवाद होते, असा त्याचा पुढचा दावा आहे. हा दावा करता यावा यासाठी ‘लिटरेचर’ला न्यूटनपर्यंत ताणणे त्याला आवश्यक होते. ७ मार्च १८३५ रोजी बेंटिंकच्या सरकारने ठराव करून शिक्षणनिधीचा ओघ इंग्रजीकडे वळवला. एका शब्दाच्या व्याप्तीचा प्रश्न असा लाख रुपयांचा आणि पुढील कित्येक पिढ्यांच्या शिक्षणाचा प्रश्न ठरला.

विल्यम्स यांच्या विवेचनाचा रोख इंग्लंडवर असल्याने हा प्रसंग त्यात येत नाही. पण सैद्धांतिक दृष्ट्या तो निर्णायक आहे. इंग्लंडात अर्थसंकोचाने जे साधले, तेच हिंदुस्थानात अर्थविस्ताराने साधले गेले. शब्द रुंद आहे की अरुंद, यावरून तो न्याय्य आहे की अन्याय्य हे ठरत नाही.

५

इंग्लंडात अर्थसंकोच वेगाने पुढे गेला तो यानंतर. डी क्विन्सीने १८२३ मध्ये मांडलेला आणि १८४८ मध्ये पोपवरील निबंधात विस्तारलेला भेद त्याची दिशा दाखवतो. एक ज्ञान देणारे ‘लिटरेचर’ आणि दुसरे शक्ती देणारे, असा तो भेद होय. पाकशास्त्राच्या पुस्तकातून ओळीगणिक नवी माहिती मिळते. ‘पॅराडाइज लॉस्ट’मधून नवी माहिती मिळत नाही, तरी आपण त्यालाच वरचे स्थान देतो, असे त्याचे उदाहरण आहे. डी क्विन्सीने दोन्ही प्रकारांना ‘लिटरेचर’ म्हटले होते. नंतरच्या पिढ्यांनी पहिल्या प्रकाराचे नाव काढून घेतले.

हे नाव काढून घेण्याचे कार्य मुख्यत्वे विद्यापीठांतून झाले. एडिंबरोला ह्यू ब्लेअर १७६२ मध्ये प्राध्यापक झाला तो वक्तृत्व आणि ‘बेल-लेत्र’ या विषयाचा. ‘इंग्रजी भाषा आणि लिटरेचर’ या नावाने इंग्लंडातील पहिली प्राध्यापकी लंडनला १८२८ मध्ये टॉमस डेलला मिळाली. ऑक्सफर्डने इंग्रजीचा स्वतंत्र पदवी-अभ्यासक्रम १८९४ मध्ये, तर केंब्रिजने १९१७ मध्ये सुरू केला. गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ (१९८९) या ग्रंथात दाखवले आहे की, इंग्रजी लिटरेचर हा अभ्यासविषय म्हणून इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानातच स्थिरावला. येथे उघडपणे धर्मशिक्षण देणे कंपनी सरकारला गैरसोयीचे होते, आणि नैतिक संस्काराचे ते काम शेक्सपिअर-मिल्टन यांच्याकडे सोपवता येत होते. अर्थसंकोचाची प्रयोगशाळा काही अंशी आपलीच महाविद्यालये होती.

हा संकोच कोणी प्रतिकार न करता स्वीकारला असेही नाही. १८८२ च्या व्याख्यानात हक्स्लीला उत्तर देताना मॅथ्यू अर्नल्डने पुस्तकांतून मिळणारे सारे ज्ञान ‘लिटरेचर’च होय, युक्लिड व न्यूटन यांचे ग्रंथही त्यातच येतात, अशी भूमिका घेतली. १८३५ मध्ये मेकॉलेने जी व्यापकता संस्कृतविरुद्ध वापरली, तीच अर्नल्डने विज्ञानाच्या एकांगी आग्रहाविरुद्ध वापरली. नोबेल पारितोषिकाच्या नियमांतही जुना अर्थ शिल्लक आहे : ललित लेखनाबरोबरच रूप व शैली यांमुळे वाङ्मयीन मोल असणारे इतर लेखनही त्यात धरले जाते. म्हणूनच १९०२ मध्ये मॉमसेन या इतिहासकाराला, १९५० मध्ये रसेलला आणि १९५३ मध्ये चर्चिलला ते देता आले. २०१६ मध्ये बॉब डिलन यांची निवड झाली तेव्हा गीत हे ‘लिटरेचर’ आहे काय, असा वाद झाला. अक्षरांवरून बनलेल्या शब्दाला गायिलेला शब्द सामावून घेता येतो काय, असा तो प्रश्न होता.

६

मराठीत ‘लिटरेचर’ला दोन प्रतिशब्द आहेत : ‘वाङ्मय’ आणि ‘साहित्य’. पहिल्याची व्युत्पत्ती वाणीशी निगडित आहे. जे जे वाचेने घडले ते वाङ्मय. त्याला लिपीचीही अट नाही. जात्यावरची ओवी आणि लीळाचरित्रासारखा गद्यग्रंथ, दोन्हींना त्यात जागा आहे. दुसऱ्या शब्दाचा प्रवास मात्र ‘लिटेरातुरा’शी आश्चर्य वाटावे इतका समांतर आहे. शब्द आणि अर्थ यांच्या सहितत्वाची भामहापासून चाललेली चर्चा राजशेखराच्या ‘साहित्यविद्या’पर्यंत आणि विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’पर्यंत येते, तेव्हा ‘साहित्य’ हे प्राधान्याने एका शास्त्राचे नाव असते. शास्त्राचा विषय असतो ‘काव्य’. रोममध्ये जसे व्याकरणाचे नाव पुढे ग्रंथसंग्रहाला मिळाले, तसे आपल्याकडे काव्यशास्त्राचे नाव काव्यसमूहाला मिळाले. बोलीत ‘साहित्य’ म्हणजे सामग्री हा अर्थ आजही जिवंत आहे. पूजेचे साहित्य असते, आणि पाककृतीत ‘कृती’च्या आधी ‘साहित्य’ येते. डी क्विन्सीने वगळण्यासाठी निवडलेले पाकशास्त्राचे पुस्तक मराठीत या शब्दापाशी अजून ठाण मांडून आहे.

संस्थांच्या नावांतून अर्थसंकोचाची मराठी वाट दिसते. १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली जी सभा भरली ती ‘ग्रंथकारां’ची होती. ग्रंथ रचणारा तो ग्रंथकार, मग तो ग्रंथ शेतकीवर असो वा नाटक असो. १९०६ मध्ये स्थापन झालेली परिषद ‘साहित्य’ परिषद झाली, आणि पुढे संमेलनालाही तेच नाव रूढ झाले. इतिहासकारांनी मात्र ‘वाङ्मय’ सोडले नाही. पांगारकरांचा ग्रंथ ‘मराठी वाङ्मयाचा इतिहास’ याच नावाचा आहे. संतकाव्य, बखर व पत्रव्यवहार यांना एकत्र आणणाऱ्या इतिहासाला रुंद शब्दाची गरज होती. समकालीन लेखकांच्या संमेलनाला प्रतिष्ठेच्या शब्दाची.

म्हणून ‘ग्रंथकार’ हा शब्द सर्वसमावेशक होता असे म्हणावे, तर महात्मा फुले यांचे १८८५ चे पत्र आडवे येते. ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारताना फुल्यांनी, जे लोक मानवी हक्क सर्वांना मोकळेपणाने देत नाहीत त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा मुद्दा मांडला. फुले स्वतः ग्रंथकार होते. शब्दाच्या व्याप्तीत ते बसत होते, म्हणून तर निमंत्रण गेले. परंतु ‘ग्रंथ म्हणजे काय’ यापेक्षा ‘ग्रंथ कोणाचा आणि कोणासाठी’ हा प्रश्न त्यांनी आधीचा मानला. विषयांची व्याप्ती आणि माणसांची व्याप्ती यांतील जो भेद चेस्टरफील्डच्या व्याख्येत अभावितपणे उघडा पडतो, तो फुल्यांनी जाणीवपूर्वक पुढे ठेवला.

१९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाने ‘वाङ्मय’ हा रुंद शब्द न घेता ‘साहित्य’ हा प्रतिष्ठेचा शब्द घेतला, हे म्हणूनच अर्थपूर्ण वाटते. वगळण्याचे साधन झालेला शब्दच त्यांनी ‘दलित’ हे विशेषण जोडून आपल्या हाती घेतला. पुढे दया पवारांच्या ‘बलुतं’नंतर (१९७८) आत्मकथनांची जी परंपरा उभी राहिली, तिच्याविषयी हा सामाजिक दस्तऐवज की साहित्य, असा प्रश्न वारंवार विचारला गेला. हा प्रश्न विचारणाऱ्यांना आपण एक कालातीत निकष लावत आहोत असे वाटत होते. वस्तुतः ते ज्ञान देणारे व शक्ती देणारे लेखन यांतील एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी भेद लावत होते, आणि तोही डी क्विन्सीहून अधिक कठोरपणे.

याचा अर्थ मूल्यविवेक सोडावा असा नाही. मराठीत ‘अक्षरवाङ्मय’ असा एक सुंदर शब्द आहे. त्यातल्या ‘अक्षर’चा अर्थ अविनाशी असा आपण घेतो, पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘लिटेरा’ हाच आहे. लिहिता येणे आणि टिकून राहणे हे दोन्ही अर्थ तेथे एकत्र नांदतात. कोणते लेखन टिकावे याचा निवाडा समीक्षकाला करावाच लागतो. मात्र तो निवाडा ‘हे साहित्य आहे काय’ या रूपात मांडला की एका शब्दाचा सारा इतिहास, पुस्तकविक्रेत्यांची स्पर्धा, लाख रुपयांचे कलम आणि विद्यापीठांचे अभ्यासक्रम, नकळत पंचाच्या जागी येऊन बसतो. त्याऐवजी हे लेखन काय करते, कोणाला बोलते करते आणि ते किती समर्थपणे करते, असे विचारले, तर उत्तराची जबाबदारी शब्दकोशावर न राहता समीक्षकावर येते. ती जबाबदारी अधिक अवघड आहे, पण ती समीक्षकाचीच आहे.